बीट थांबत नाही

शाहिराला मध्येच ठसका लागला तर ढोलकीवाला ठेका वाढवतो, झीलकरी ‘जी जी’ लांबवतात आणि समोर बसलेल्यांना पत्ताही लागत नाही. रॅपच्या बीटला ठसका कळत नाही. ती पुढे निघून जाते. मराठीत रॅप लिहायला बसलेल्या पोरांची निम्म्याहून जास्त अडचण इथे आहे, आणि या पुस्तकाची बरीचशी पानंही त्यावरच खर्ची पडली आहेत.

रॅप शिकवतो म्हटलं की गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात दोन तऱ्हेची माणसं भेटतात. पहिली म्हणतात, हे अमेरिकेचं खूळ, आपल्या पोरांना कशाला? दुसरी जास्त प्रेमळ आणि म्हणूनच जास्त घातक. ती म्हणतात, यात नवं काय, आपल्याकडे पोवाडा होताच की! मग स्टेजवर फेटा बांधलेला मुलगा पोवाड्याच्या चालीत ओरडतो, मागे मोबाइलवरून ड्रम वाजतात, दोघांचा एकमेकांशी संबंध नसतो आणि टाळ्या मात्र भरपूर पडतात. पोवाडा थोर आहे, पण पोवाडा म्हणजे रॅप नव्हे. दोघांत फरक काय, हे कळलं की पोवाड्याकडून काय घ्यायचं तेही कळतं.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, मूळचा जमैकाचा एक तरुण बहिणीने ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्डी लावत होता. त्याचं नाव क्लाइव्ह कॅम्पबेल, पुढे जगाला माहीत झालं ते कूल हर्क म्हणून. गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा आला की नाचणारे बेभान होतात, हे त्याने हेरलं होतं. तेवढाच तुकडा दोन तबकड्यांवर आलटूनपालटून वाजवून लांबवायचा, ही त्याची करामत. बोलणारे आले ते या लांबवलेल्या ठेक्यावर. म्हणजे तिथे ठेका आधी, शब्द नंतर. आपल्या शाहिरीत उलटं. शाहिराच्या मनात आधी प्रसंग असतो, अफजलखान असतो, संप असतो, दुष्काळ असतो. डफ, तुणतुणं, ढोलकी त्याच्या मागून येतात. तो जोशात आला की लय वाढते, तो गहिवरला की उतरते. मालक तो. रॅपमध्ये मालक बीट.

हे एकदा मान्य केलं की मग शेजारच्या घरातलं धन उचलायला हरकत नाही, आणि या भागात ते किती आहे! १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊ तेव्हा माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वावरत होते, त्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा त्याच्या आदल्याच वर्षीचा. परळच्या कामगार मैदानात, नरे पार्कात अमर शेखांचा आवाज ऐकलेली पिढी आता फारशी उरली नाही. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड आजही एप्रिल-मे महिन्यांत मैदानात वाजतेच. त्यांच्याही आधीपासून भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे होते. आणि या सगळ्याच्या पोटात, वर्तमानपत्रांच्या नजरेआड, कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांचा शक्ती-तुरा होता, डबलबारीचं भजन होतं.

शक्ती-तुऱ्याकडे रॅपवाल्या पोरांनी मुद्दाम जावं असं मला वाटतं. एक बाजू शक्तीची, एक तुऱ्याची. प्रकृती थोर की पुरुष, हा मूळ वाद. पण त्या निमित्ताने समोरच्या शाहिराने टाकलेलं कोडं सोडवायचं, मगच आपलं टाकायचं. न सोडवता नुसतं आपलंच गायला लागलात तर कोकणातलं म्हातारं माणूसही पुढच्या रांगेतून हात वर करून विचारतं, त्याचं उत्तर कुठाय? डबलबारीतही तसंच. समोरच्या बुवाने काय म्हटलं ते नीट ऐकल्याशिवाय परतफेड होत नाही. आमच्याकडे फ्रीस्टाइल बॅटलला, म्हणजे जागच्या जागी रचून म्हणायच्या रॅपच्या सामन्याला, येणारी मुलं घरूनच शिव्या पाठ करून येतात. समोरच्याने लाल शर्ट घातलाय की निळा, तो अडखळला की नाही, त्याने आता कुठला शब्द वापरला, काही ऐकत नाहीत. बॅटल कानाने जिंकायची असते.

आता मूळ कामाकडे.

पहिली अडचण टाळीची. या भागातला प्रत्येक मुलगा आणि मुलगी आरतीवर वाढलेली असते आणि आरतीची टाळी ठोक्याच्या सुरुवातीला, समेवर पडते. आठ मात्रांचा केहेरवा धरा, पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर हात आपोआप एकत्र येतात. रॅपच्या बीटमध्ये जोरदार आवाज करणारा स्नेअर ड्रम वाजतो तो चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, म्हणजे आपल्या हिशेबाने तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. कान एकीकडे, हात दुसरीकडे. म्हणून या पुस्तकातल्या पहिल्या धड्यात एकही शब्द लिहायचा नाही. बीट लावून नुसत्या टाळ्या वाजवायच्या, दुसऱ्यावर आणि चौथ्यावर. पोरांना हे अपमानास्पद वाटतं. वाटू दे.

दुसरी अडचण मोजण्याची, आणि तिच्यावर जरा थांबायला हवं. ९० बीपीएमचा साधा ठेका घ्या. मिनिटाला ९० ठोके, चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे एका बारला पावणेतीन सेकंदही मिळत नाहीत. सोळा बारची एक व्हर्स, म्हणजे एक कडवं, पाऊण मिनिटाच्या आत आटोपते. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले की एका बारचे सोळा खण होतात, जुन्या लाकडी फडताळासारखे, सगळे सारख्या मापाचे. एका खणात तोंडातून एका झटक्यात निघणारा एक तुकडा बसतो. आणि इथेच मराठी शाळेत शिकलेला हुशार मुलगा फसतो, कारण तो अक्षरं मोजतो. ‘लालबाग’ लिहिताना चार अक्षरं, बोलताना तुकडे दोनच: लाल, बाग. ‘गिरणगाव’ पाच अक्षरांचं, तोंडात तीन तुकड्यांचं. अभंगात, ओवीत शेवटचा ‘अ’ ताणून गाता येतो, म्हणून तिथे अक्षरांचा हिशेब चालतो. बोलण्यात तो ‘अ’ केव्हाच गळून गेलेला असतो. रॅप बोलण्याच्या बाजूचं आहे.

वर्गात सरावासाठी केलेल्या दोन ओळी देतो. कविता म्हणून त्यांना काही दर्जा नाही, माप दाखवायला बऱ्या आहेत:

फलाटावर झोपलेल्या पोराची फाटकी चादर,
पहिली लोकल ओरडते, उतरा, आलं दादर.

दोन्ही ओळींत अक्षरं अठरा-अठरा. पण मोठ्याने म्हणून बोटं मोजा: फ-ला-टा-वर, झोप-ले-ल्या, पो-रा-ची, फाट-की, चा-दर. चौदा. दुसरी: प-हि-ली, लो-कल, ओ-रड-ते, उत-रा, आ-लं, दा-दर. याही चौदाच. सोळा खणांत चौदा तुकडे, म्हणजे शेवटचे दोन खण श्वासाला मोकळे. आणखी एक गोष्ट पाहा. ‘चादर’मधला ‘चा’ आणि ‘दादर’मधला ‘दा’ दोन्ही तेराव्या खणात येतात, म्हणजे बरोबर चौथ्या ठोक्यावर, स्नेअरच्या डोक्यावर. यमक कानाला घट्ट लागतं ते एवढ्यासाठी. आता दुसरी ओळ आपण नेहमी बोलतो तशी म्हणा. ‘पहिली’ कोण म्हणतं? ‘पैली’ म्हणतो आपण. तीनाचे दोन तुकडे झाले, सगळी ओळ एक खण अलीकडे सरकली आणि ‘दा’ स्नेअरच्या आधीच पडून गेला. ओळ कागदावर तशीच आहे, एक अक्षरही बदललेलं नाही, तरी ऐकणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मग एकतर ‘पहिली’ ठासून तीन तुकड्यांत म्हणायची, नाहीतर ‘पैली’च ठेवून पुढे कुठेतरी एक तुकडा भरायचा. मी दुसरं करीन. बोली मोडून माप सांभाळलेलं लगेच कळतं. आणखी एक दोष: ‘पहिली’ तीन तुकड्यांत म्हटली तर दुसऱ्या ठोक्यावर ‘लोकल’मधला ‘कल’ येतो, तो जोर घेण्याच्या लायकीचा नाही. तो दुरुस्त करण्याचं काम वाचकांकडे.

तिसरी अडचण खास आपल्या भाषेची. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे आली-झाली-गेली, करतो-मरतो-भरतो ही यमकं फुकटात मिळतात. फुकट मिळालेलं यमक ऐकणाऱ्याला आधीच कळलेलं असतं. ओळ पुरी व्हायच्या आत तो मनात म्हणून मोकळा होतो. उपाय आपल्या बोलण्यातच आहे. रस्त्यावरची मराठी व्याकरणाच्या पुस्तकासारखी चालत नाही. ‘आलं दादर’, ‘बघ ती गाडी’, ‘कुठे गेला तो दिन्या’, असं क्रियापद आधी आणि नाम शेवटी आपण दिवसभर बोलतो. नाम शेवटी आलं की यमकाचा साठा एकदम वाढतो. दादर, चादर, सादर, आदर. परळ, सरळ, विरळ, गरळ. शब्दांची अशी कुटुंबं वहीत मांडून ठेवायची सवय लावून घ्यावी. वामन पंडितांना ‘यमक्या वामन’ म्हणून हिणवलं गेलं खरं, पण मराठी यमकाचा कारखाना बघायचा असेल तर त्यांच्याचकडे जावं लागतं.

पंत कवींचा विषय निघालाच आहे तर मोरोपंतांबद्दल एक सांगतो. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली म्हणतात, त्यांतलं एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत ते प, फ, ब, भ, म हे वर्ण संपूर्ण टाळून केलेलं. पूर्वी मला ही नुसती कसरत वाटायची. माइकसमोर मुलं उभी राहिली आणि मत बदललं. स्वस्तातल्या माइकजवळ ‘परळ’ म्हणा, ‘भारतमाता’ म्हणा, हवेचा गोळा आदळून टेक वाया जातो. मोरोपंतांइतकं कडक सोवळं पाळायची गरज नाही. तोंड माइकपासून थोडं तिरकं ठेवा, बांगडीवर पातळ मोजा ताणून मध्ये धरा. पण ओळीचा पहिलाच तुकडा ‘भ’चा आणि तोही ठोक्यावर असेल, तर शब्द बदलता येतो का ते एकदा बघावंच.

श्वासाबद्दल सुरुवातीला बोललो. शाहिरामागचे झीलकरी सूर धरतात, शेवटचा शब्द उचलतात, आणि तेवढ्यात शाहीर छाती भरून घेतो. रॅपर एकटा असतो. मोबाइलवर तुकड्यातुकड्याने रेकॉर्ड केलेली व्हर्स घरी फक्कड वाजते आणि गणपतीत मंडळाच्या स्टेजवर आठव्या बारला पोराचा चेहरा जांभळा होतो. म्हणून लिहितानाच दर दोन बारनंतर मोकळा खण ठेवायचा, आणि शक्य असेल तर शेजारी एक मित्र उभा करायचा, जो ओळीचा शेवटचा शब्द आपल्याबरोबर म्हणेल. पोरं त्याला बॅकअप म्हणतात. आजोबांना विचारा, ते झीलकरी म्हणतील.

सोळा बारची बांधणी कशी करायची, यावर पुस्तकात दोन प्रकरणं आहेत, त्यामुळे इथे थोडक्यात. चार-चार बारचे गट पाडा. पहिल्या चारांत जागा आणि माणूस दिसला पाहिजे. आठव्यापर्यंत काहीतरी बदललं पाहिजे, नाहीतर तुम्ही एकच गोष्ट दोनदा सांगताय. शेवटचे चार बार मी आधी लिहायला लावतो, कारण गर्दीला तेच आठवतात. शाहीर शेवटच्या चौकात आपलं नाव गुंफतो, संतांच्या अभंगात नाममुद्रा शेवटी येते, ती उगाच नाही. आणि हुक? पालुपद दुसऱ्यांदा आलं की अनोळखी माणसाला ते बरोबर म्हणता आलं पाहिजे. येत नसेल तर शब्द कमी करा.

भाषेबद्दल मला सर्वांत जास्त प्रश्न विचारले जातात, विशेषतः आईवडिलांकडून. शिव्या चालतील का? हिंदी मिसळली तर? १९७२ साली नामदेव ढसाळांचं ‘गोलपिठा’ आलं तेव्हा त्याला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, आणि आपल्याला न कळलेल्या शब्दांबद्दल तिच्यात मोकळेपणाने लिहिलं. एवढा मोठा नाटककार ‘हा शब्द मला माहीत नाही’ असं म्हणू शकतो, तर आम्ही दादर-गिरगावच्या मास्तरांनी पोरांच्या शब्दांवर लाल पेन फिरवायची घाई करू नये. शिवी चालेल, पण तिचं ओळीत काम असलं पाहिजे. हिंदीचंही तसंच. नारायण सुर्व्यांच्या कवितेतली माणसं आपापल्या तोंडची भाषा बोलतात, तरी कविता मराठीच राहते.

‘गली बॉय’ फेब्रुवारी २०१९ मध्ये आला आणि मुंबईतलं रॅप म्हणजे धारावी, कुर्ला, अंधेरी आणि हिंदी, असं समीकरण बाहेरच्यांच्या डोक्यात बसलं. मराठीतलं काम त्याच्या आधीपासून सुरू होतं. पुण्याच्या श्रेयश जाधवने मराठी रॅप लोकांपुढे आणलं. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटात एमसी मवाली मराठीतून बोलतो. आरेतल्या आदिवासींच्या बाजूने त्यांनी प्रकाश भोईर यांच्याबरोबर केलेलं ‘द वारली रिव्होल्ट’ २०१९ चंच. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपल्या नावातला ‘सौ’ आकड्यात लिहून वऱ्हाडी ठसक्यात रॅप करतो. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं. ते क्लबात नाचायचं गाणं आहे, बांधणीने रॅपच्या शेजारचं, पण मराठी शब्द परक्या देशाच्या ठेक्यावर अवघडत नाहीत हे त्याने दाखवून दिलं. आणि एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोघांवर त्यांच्या मराठी रॅपवरून गुन्हे दाखल झाले. सरकारला मराठी रॅप ऐकू येतं, याचा तो पुरावा. लाल बावट्याच्या तमाशांवर बंदी आली होती, तेव्हाही कुणीतरी नीट ऐकत होतं.

विषयांबद्दल माझं एक मत कडक आहे. लालबाग-परळची मुलं पहिली व्हर्स हमखास गिरणीवर लिहितात. भोंगा, संप, त्याचे पुढारी दत्ता सामंत, बंद चिमणी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगार त्यात होते, हे त्यांना पाठ असतं, पण ते पाठ असतं इतकंच. जन्म २००७ चा. भोंगा त्यांनी ऐकलेला नाही, चिमणीखालचा मॉल मात्र रोज पाहिलाय. मी विचारतो, तुझ्या चाळीचं काय झालं? मग ट्रान्झिट कॅम्प निघतो, भाडं थकवणारा बिल्डर निघतो, बत्तिसाव्या मजल्यावर एकटी पडलेली आणि खाली उतरायला लिफ्टचं बटण दाबायला घाबरणारी आजी निघते. ती आजी सोळा बारला पुरून उरते. गिरणी तिच्या बोलण्यात आपोआप येईल, तिला मुद्दाम आणायला नको.

हे सगळं तोंडाने, उभं राहून, मोठ्याने करायचं काम आहे, आणि त्यासाठी जागा लागते. चाळीच्या गॅलरीत तालीम व्हायची ते दिवस सरले. टॉवरच्या दोन खोल्यांत रात्री दहाला स्पीकर लावला की इंटरकॉम वाजतो. मुलं कपाटात कपड्यांच्या मध्ये तोंड घालून, डोक्यावर गोधडी ओढून रेकॉर्ड करतात. आवाज चांगला येतो, पण दहा मिनिटांत जीव गुदमरतो. १९२२ पासून कोकणचं नमन आणि शक्ती-तुरा पाहिलेलं परळचं दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झालं. मुलींची अडचण तर दुप्पट. मुलगे नाक्यावर सायफर करतात, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप म्हणतात; मुली तिथे उभ्या राहिल्या की घरी निरोप पोचतो.

गिरगावपासून लालबागपर्यंत सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांच्या खोल्या आहेत. वर्षातले दहा महिने तिथे मखराच्या फळ्या, ढोल आणि धूळ असते. मंडळांच्या अध्यक्षांना आणि कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे: संध्याकाळी सात ते नऊ त्या खोलीचं कुलूप उघडा. एक चालू प्लग, एक पंखा, एक स्पीकर एवढंच लागेल. आठवड्यातले दोन दिवस फक्त मुलींसाठी ठेवा, आणि किल्ली त्यांच्यातल्याच एकीच्या हातात द्या.